दहावीनंतरचा फाटा किती जुना?

दहावीचा निकाल लागला की शिरूर काय नि दौंड काय, शाळेच्या ऑफिसात पालकांची रीघ लागते. हातात गुणपत्रिका, मागे संकोचून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी, आणि प्रश्न ठरलेला : ‘‘सर, याला कोणत्या साइडला घालू?’’ आपणही गुण पाहून काहीतरी सांगून टाकतो. पंधरा-सोळाव्या वर्षी आयुष्याचा धंदा ठरवण्याची ही रीत पूर्वापार चालत आलेली असावी, असे आपण धरून चालतो. तशी ती नाही.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. पुण्याहून दौंडवरून पुढे जाणारी रेल्वेही साधारण त्याच सुमाराची. त्या काळी वकील व्हायचे तर आधी बी.ए., मग कायदा. न्या. रानडे १८६२ मध्ये बी.ए. झाले आणि १८६६ मध्ये एलएल.बी. टिळकांनी डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. केले आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. वकिलाला गणित कशाला, असे कोणी म्हणेल. पण वेदांचा काळ नक्षत्रांच्या स्थानांवरून ठरवू पाहणारा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ (१८९३) त्या गणितावाचून कसा झाला असता?

याहून आमच्या भागाला जवळचे उदाहरण विश्वेश्वरय्यांचे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून ते १८८१ मध्ये बी.ए. झाले. त्यानंतर म्हैसूर संस्थानच्या मदतीने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (पुढचे सरकारी इंजिनियरिंग कॉलेज) स्थापत्य शिकले आणि १८८३ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले. म्हणजे हा थोर इंजिनियर आधी पदवीधर, मग इंजिनियर! खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांची स्वयंचलित दारे बसली. तलावाचे पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ती आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. आज खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंड तालुक्यातल्या उसाला मिळते. तो कालवा वर्गात शिकवताना ही बी.ए.ची गोष्ट अवश्य सांगावी.

अर्थात त्या काळाचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. इतकी वर्षे शिकत राहण्याची ऐपत आणि मुभा फार थोड्यांना होती.

पुढे डॉक्टरी आणि इंजिनियरिंगची वाट ‘इंटर सायन्स’वरून जाऊ लागली. अकरावीला मॅट्रिक, मग कॉलेजात एक वर्ष, आणि त्यानंतर इंटर. तिथे ‘ए ग्रूप’ म्हणजे गणित, ‘बी ग्रूप’ म्हणजे जीवशास्त्र. इंटरचे गुण कमी पडले तर तोच विद्यार्थी तसाच पुढे बी.एस्सी. करी. फाटा फुटे तो सतरा-अठराव्या वर्षी, कॉलेजची प्रयोगशाळा वर्षभर पाहिल्यावर. मात्र त्यासाठी खेड्यातल्या मुलाला बहुधा पुणे गाठावे लागे. दौंडकरांना रेल्वे होती. शिरूरला रेल्वे नाही. पण राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, त्याच रस्त्यावर शिरूर आहे. तरी सत्तरएक किलोमीटर रोज जाऊन-येऊन कोण शिकणार? वसतिगृह नाहीतर नातेवाइकांचे घर. मुलींचे शिक्षण तर पुष्कळदा मॅट्रिकलाच थांबे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला १०+२+३ आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. अकरावी-बारावी माध्यमिक शाळांनाही जोडली गेली. गावाजवळ शिकता येऊ लागले, ही मोठीच कमाई. पण त्याबरोबर फाटाही दोन वर्षे अलीकडे सरकला आणि पुण्याच्या कॉलेजातून उठून तालुक्याच्या शाळेत आला. पूर्वी प्राध्यापकांना विचारला जाणारा प्रश्न आता आपल्या टेबलापाशी येतो. १९९९ पासूनची सीईटी, नंतरची ‘नीट’, यांनी तयारीचे ओझे अकरावीच्या पहिल्या दिवसावर आणून ठेवले.

तरी जुनी वाट बुजलेली नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम निघाला, पण कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन वर्षांची एलएल.बी. आजही करता येते. स्पर्धा परीक्षांना बहुतेक ठिकाणी कोणतीही पदवी चालते. आणि आपले बी.एड.? आपल्यातले बहुतेक जण आधी पदवी, मग व्यवसाय याच वाटेने आलो. पदवीला घेतलेल्या विषयावरून आपली अध्यापन पद्धती ठरली. कित्येकांना ते कळले प्रवेशाच्या रांगेत. गणित सोडलेल्याला इंजिनियरिंगचे आणि जीवशास्त्र सोडलेल्याला एमबीबीएसचे दार असेच नकळत बंद होते.

म्हणून गुणपत्रिका हातात घेतल्यावर ‘काय व्हायचंय?’ हे आम्ही हल्ली नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘‘कोणता विषय सोडायचा म्हणतोस?’’