सहा जणींचा खेळ: आयोवाची गर्दी कुठे गेली?

मार्च १९६८. अमेरिकेतील आयोवा राज्याची राजधानी दे मॉइन. व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियममध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दाटीवाटीने बसली आहेत आणि मैदानावर आहेत शाळकरी मुली. राज्य बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली. जादा वेळेपर्यंत ताणलेला हा सामना युनियन-व्हिटनने ११३-१०७ असा जिंकला. विजयी संघाच्या डेनिस लाँगचे गुण ६४. पराभूत संघाच्या जनेट ओल्सनचे ७६!

महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक लाभत नाहीत, मुली खेळात टिकत नाहीत, ही तक्रार आज नेटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही खेळांविषयी ऐकू येते. आयोवात प्रेक्षक होते, ओसंडून होते. तरीही मुलींना टिकायला जागा नव्हती. पुढे ती जागा निर्माण झाली, तेव्हा शालेय स्पर्धेचे प्रेक्षक ओसरले. आजचा धागा या विचित्र अदलाबदलीचा.

थोडे मागे जाऊ. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींसाठी बेतला. मैदानाचे तीन भाग केले, आपला भाग सोडायचा नाही, प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. १८९३ च्या तेथील पहिल्या सामन्यास पुरुषांना प्रवेशच नव्हता. आखलेल्या भागातच वावरण्याचा हा दंडक इंग्लंडमध्ये रुजला आणि त्यातून नेटबॉल घडला. ऑस्ट्रेलियात तर १९७० पर्यंत नेटबॉलला ‘महिलांचा बास्केटबॉल’ असेच म्हणत. दोन्ही खेळ एकाच कुळातले, ते असे.

आयोवात याच दंडकाचे निराळे रूप टिकले. संघात सहा जणी. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्यात. मधली रेषा ओलांडायची नाही, चेंडूला दोनच टप्पे द्यायचे. गुण मिळवायचे ते फॉरवर्डनीच. त्यामुळे एकीच्या नावावर ७६ गुण लागू शकत आणि दुसरी गुणवान मुलगी शाळेची सारी वर्षे एकदाही बास्केटकडे चेंडू न टाकता संघाचा कणा होऊन राही.

मुलींच्या स्पर्धांना त्या काळी विरोध कमी नव्हता. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांच्या खेळांसाठी राष्ट्रीय पातळीवर जो विभाग स्थापन झाला, त्याचा कल चुरशीच्या सामन्यांविरुद्ध, सर्वांनी मिळून सौम्यपणे खेळण्याकडे होता. (गंमत अशी, की या बाईंचा जन्म आयोवातलाच.) १९२५ मध्ये राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले, तेव्हा खेड्यांतील शाळाप्रमुखांनी मुलींसाठी वेगळी संघटना उभारली. मोठ्या शहरांतील शाळांनी मात्र १९७० च्या दशकापर्यंत या खेळाकडे पाठच फिरवली होती.

गर्दीचे मर्म इथेच आहे, असे मला वाटते. मक्याची शेते बर्फाखाली गेलेली, हाताला काम थोडे, आणि शहराकडे नाही असे काहीतरी आपल्या गावाकडे आहे हा अभिमान. डेनिस लाँगचे व्हिटन हे दोनशेच्या आसपास वस्तीचे गाव. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडाभोवती जमणारे सगळेच काही डावपेचांचे जाणकार नसतात. आपल्या गावचा गडी आत आहे, एवढे पुरते. १९५४ पासून संघटनेची सूत्रे सांभाळणाऱ्या वेन कूली यांनी हे नेमके ओळखले आणि स्पर्धेला संचलन, संगीत, दूरचित्रवाणी यांची जोड देऊन तिचा राज्योत्सव केला.

परंतु हा उत्सव मुलीला अठराव्या वर्षी निरोप देत असे. डेनिस लाँगने शालेय कारकिर्दीत ६,२५० गुण मिळवले. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिची निवड जाहीर केली. लीगच्या आयुक्तांनी ती रद्द ठरवली. महाविद्यालयांत मुलींसाठी क्रीडा-शिष्यवृत्त्या जवळपास नव्हत्याच, स्त्रियांची व्यावसायिक लीग नव्हती. पुढे ती औषधनिर्माणशास्त्र शिकून फार्मासिस्ट झाली.

१९७१ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांनी पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला मनाई केली आणि कालांतराने शिष्यवृत्त्या आल्या. आता आयोवाचा लाडका नियमच आयोवाच्या मुलींच्या वाटेत आला. जिने कधी बास्केटकडे चेंडू टाकलाच नाही, अशा गार्डला महाविद्यालय घेणार कसे? १९८४-८५ पासून शाळांना पाच जणींच्या खेळाचा पर्याय मिळाला. १९९३ मध्ये सहा जणींचा खेळ संपला.

त्यानंतर राज्य स्पर्धेची गर्दी पूर्वीची राहिली नाही. जुने प्रेक्षक आजही नियमबदलाला दोष देतात. तो दोष अर्धाच खरा आहे. राज्यातील शालेय जिल्हे हजारोंच्या संख्येवरून विलीनीकरणाने काहीशेंवर आले होते, १९८० च्या दशकातील कृषिसंकटाने खेडी रिकामी केली होती. शिवाय मुलींपुढे आता व्हॉलीबॉल होता, सॉफ्टबॉल होता, सॉकर होता. पूर्वी एकच दार उघडे होते, म्हणून त्या दारात एवढी दाटी होती.

ऑस्ट्रेलियातील नेटबॉलला हाच अनुभव अलीकडे आला. २०१७ मध्ये स्त्रियांची राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच सामन्याला २४,५६८ प्रेक्षक आले आणि दारे बंद करावी लागली. नेटबॉलची विश्वविजेती शार्नी लेटन पुढे कॉलिंगवूडकडून फुटबॉल खेळली. बास्केटबॉलची विश्वविजेती एरिन फिलिप्सही तिकडे गेली. पहिल्या हंगामात फुटबॉलचे किमान मानधन नेटबॉलपेक्षा कमीच होते. फिलिप्स लहानपणी मुलांबरोबर फुटबॉल खेळत असे. वयाच्या तेराव्या वर्षी नियमाने तिला तो सोडावा लागला होता. तेव्हा ती बास्केटबॉलला ‘टिकली’, असे म्हणायचे की अडकली?

आयोवाची गर्दीही नाहीशी झाली नाही, ती सरकली. फेब्रुवारी १९८५ मध्येच आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाचा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना २२,१५७ जणांनी पाहिला होता. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये, उघड्या आभाळाखाली, ५५,६४६ प्रेक्षक महिला बास्केटबॉल पाहायला जमले. मैदानात होती केटलिन क्लार्क. ती वेस्ट दे मॉइनच्या शाळेत शिकलेली, म्हणजे शहरातली मुलगी. युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या नावांच्या शाळा आता आयोवात नाहीत.