कपड्याआडचं पाहणारं यंत्र

नेकनूर परिसरातून हजला निघालेल्या आयाबहिणी विमानतळावरच्या तपासणीबद्दल हमखास विचारतात : त्या यंत्रात कपड्याच्या आतलं दिसतं का हो? प्रश्न भाबडा वाटेल. पण काही वर्षांपूर्वी अमेरिकेत त्याचं उत्तर चक्क ‘हो’ असं होतं.

25 डिसेंबर 2009 रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉईटला निघालेल्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. मेटल डिटेक्टर धातू पकडतो. ही तर भुकटी होती. त्यानंतर अमेरिकेने अंगभर पाहणारे स्कॅनर झपाट्याने वाढवले. काही क्ष-किरणांवर चालत, काही मिलिमीटर लहरींवर. या लहरी कापडातून आरपार जातात आणि कातडीवरून परततात. मध्ये चाकू असो की पुडी, ती वेगळी उठून दिसते. (याच जातीच्या लहरींवर 1895 मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस प्रयोग करत होते. आपण त्यांना झाडांपुरतंच लक्षात ठेवलंय.)

अडचण अशी की हत्यारासोबत देहही दिसे, आणि वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी ते चित्र बघे. फेब्रुवारी 2010 मध्ये उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने फतवा दिला : हे हयेला धरून नाही, मुसलमानांनी त्याऐवजी हाताने झडती द्यावी. ‘फतवा’ म्हटलं की पुढचं ऐकायची अनेकांची तयारी नसते. पण त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही विमानतळ कर्मचाऱ्यांपुढे माणसाची प्रतिष्ठा जपण्याचा मुद्दा मांडला, आणि खासगीपणाच्या हक्कासाठी लढणारे तर कोर्टात गेले.

2011 मध्ये मिलिमीटर यंत्रांत नवं सॉफ्टवेअर आलं. आता संशयाची जागा यंत्रच शोधतं. पडद्यावर सगळ्यांसाठी एकच बाहुलीवजा आकृती येते, तिच्यावर फक्त एक चौकोन. क्ष-किरणांच्या यंत्रांना हे वेळेत जमलं नाही. 2013 मध्ये ती विमानतळांवरून काढली गेली. म्हणजे हत्यार शोधायला कुणाचा देह दाखवायची गरज नव्हतीच! लोकांनी तक्रार केली नसती, तर हे सॉफ्टवेअर इतक्या लवकर बसलं असतं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरोने एप्रिल 2019 मध्ये स्कॅनर बसवण्याचा आदेश काढला, तेव्हा मिलिमीटर लहरी आणि बाहुली या दोन्ही गोष्टी आधीपासूनच अटींत होत्या.

तेव्हा आयांनो, यंत्राची काळजी नको. कमरेचा पैशांचा पट्टा तेवढा आधीच सोडून ट्रेमध्ये ठेवा, नाहीतर चौकोन तिथेच उमटेल. हाताने झडती घ्यायची वेळ आलीच, तर पडद्याआड महिला कर्मचारीच ती घेते.