'शिवकल्याण राजा' : सुट्या गीतांत हरवलेली ध्वनिमुद्रिका

शिवजयंती आली की सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांतून ध्वनिक्षेपकांवर दोन-तीन गीते हमखास ऐकू येतात. त्यांत प्रतापराव गुजरांच्या शेवटच्या धावेवरील कुसुमाग्रजांची कविता असते आणि समर्थ रामदासांचा 'निश्चयाचा महामेरू'ही असतो. मंडपातल्या लहान मुलांनाही ती तोंडपाठ आहेत. मात्र ही गीते एकाच ध्वनिमुद्रिकेतील असून एका मोठ्या रचनेचे भाग आहेत, याची जाणीव आज फार थोड्यांना असते. गीते लोकप्रिय झाली आणि ज्या कृतीत ती गुंफली होती ती कृती विसरली गेली, असा विलक्षण प्रकार 'शिवकल्याण राजा' या ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला आला.

रायगडावरील राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. त्याची त्रिशताब्दी १९७४ मध्ये महाराष्ट्रात साजरी झाली. त्या निमित्ताने पं. हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीतबद्ध केलेली आणि लता मंगेशकर यांनी गायिलेली ही ध्वनिमुद्रिका आली. गीतांना जोडणारे निवेदन शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे होते. नावही मोठ्या औचित्याने निवडलेले आहे. 'निश्चयाचा महामेरू' या रामदासांच्या प्रसिद्ध काव्यपत्रात जे शब्द येतात, तेच या तबकडीचे शीर्षक आहे.

एका विषयाभोवती बांधलेल्या आणि सलग ऐकण्यासाठीच रचलेल्या ध्वनिमुद्रिकेला पाश्चात्त्य जगात 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणतात. फ्रँक सिनात्राची 'इन द वी स्मॉल अवर्स' (१९५५) आणि बीटल्सची 'सार्जंट पेपर' (१९६७) ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. या प्रकारामागे तंत्राचा मोठा वाटा होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला. संगीतकाराला प्रथमच एक सबंध प्रकरण लिहावे तसा विचार करता आला.

मराठीत दीर्घ गीतमालिकेची ओढ मात्र तबकडीआधी आकाशवाणीने लावली होती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे त्याची ५६ गीते प्रसारित झाली. सिनात्राची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीची, हा योगायोग गमतीचा आहे. परंतु 'गीतरामायणा'त शब्द एकट्या ग. दि. माडगूळकरांचे होते आणि स्वररचना सुधीर फडके यांची. 'शिवकल्याण राजा'ची जडणघडण अगदी वेगळी आहे.

येथे कवी अनेक आहेत आणि त्यांच्यात तीन शतकांचे अंतर आहे. रामदास आणि कविराज भूषण हे सतराव्या शतकातले. भूषणांची भाषा तर मराठी नसून व्रज. त्यांच्या शेजारी राम गणेश गडकरी म्हणजे गोविंदाग्रज, स्वातंत्र्यवीर सावरकर, कुसुमाग्रज आणि शंकर वैद्य हे विसाव्या शतकातील कवी उभे आहेत. यांतील बहुतेकांनी आपापल्या कविता निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी लिहिल्या होत्या. त्या एका माळेत ओवल्या जाव्यात, असे त्यांच्या मनातही नसणार. म्हणजे येथील खरी निर्मिती चालींइतकीच निवडीची आहे. संगीतकाराने संपादकाचे काम केले आणि इतरांच्या कवितांतून स्वतःची एक कथा उभी केली.

ती कथा अशी. सुलतानी अमलातील सर्वसामान्यांची दैन्यावस्था रामदास सांगतात. गोविंदाग्रजांच्या अंगाईत जिजाऊंचा जागा असलेला बाळ आहे. मग १६६० चा पावनखिंडीतील प्रसंग येतो. बाजीप्रभू जखमांनी विद्ध झालेले आहेत आणि राजे विशाळगडावर पोहोचल्याची खूण देणाऱ्या तोफांकडे त्यांचे कान लागलेले आहेत. कुसुमाग्रजांच्या या कवितेला दिलेली चाल रणगीताची नाही. ती थकलेल्या, वाट पाहणाऱ्या माणसाची आहे. नेसरीच्या खिंडीतील प्रतापरावांचे बलिदान २४ फेब्रुवारी १६७४ चे, म्हणजे राज्याभिषेकाच्या अवघे साडेतीन महिने आधीचे. सुटे गीत ऐकताना ही तारीख कोणाच्या ध्यानात येत नाही. पण राज्याभिषेकाची ओढ असलेल्या या रचनेत ते बलिदान सिंहासनाच्या पायरीवर घडल्यासारखे वाटते. त्यानंतरचा उत्सव निर्भेळ राहत नाही. गीत मिरवणुकीत वाजते तेव्हा त्यातला वेग तेवढा उरतो, शोक गळून जातो.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे स्वर. वीरकाव्य मराठीत परंपरेने पुरुषाच्या आवाजात, डफ-तुणतुण्याच्या साथीने, खड्या सुरात गायिले गेले. येथे ते एका स्त्रीच्या स्वरात आहे आणि लताबाईंनी शाहिरांची नक्कल करण्याचा मोह कटाक्षाने टाळला आहे. अंगाईचा गळा आणि रणभूमीचा गळा एकच असल्यामुळे सारी कथा जणू आईच्या तोंडून ऐकल्यासारखी होते. माझ्या मते या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत धाडसी निर्णय हाच होय. याच भावंडांनी ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि मीरेची पदे ज्या अंतर्मुख वृत्तीने सादर केली, तीच वृत्ती त्यांनी येथे इतिहासाला लावून पाहिली.

सोलापूरकराच्या कानाला मात्र एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. शाहीर रामजोशींचे हे गाव आणि शाहीर अमर शेखांची बार्शी याच जिल्ह्यातली. असे असता या रचनेत पोवाड्याला जागा नाही. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातलाच. सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडाही प्रसिद्ध. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये लिहिलेला पवाडा तर शिवाजी महाराजांना रयतेच्या बाजूने पाहतो. यांतील काहीही येथे नाही. संत, राजकवी आणि आधुनिक कवी यांच्या नजरेतून दिसणारे हे शिवचरित्र आहे. कुळवाड्यांच्या आणि मावळ्यांच्या घरातले नाही.

रामदास आणि शिवाजी महाराज यांच्या नात्याविषयी इतिहासकारांत मोठे मतभेद आहेत. पुरंदरे यांच्या मांडणीवरही पुढे तीव्र टीका झाली. २०१५ मध्ये त्यांना 'महाराष्ट्र भूषण' जाहीर झाला तेव्हा तो वाद अधिकच पेटला. १९७४ ची ही ध्वनिमुद्रिका एका विशिष्ट दृष्टीने घडविलेली आहे, हे मान्य करूनच ती ऐकली पाहिजे. आणि ती दृष्टी समजते तीही सबंध रचना ऐकल्यावरच. दोन-तीन गीते वेगळी काढली की ती कोणत्याही व्यासपीठावर, कोणत्याही पक्षाच्या सभेत चालतात. कोणते कवी निवडले आणि कोणते वगळले, हा प्रश्नच मग उभा राहत नाही.

रचना विस्कटण्यास माध्यमांचाही हातभार लागला. ध्वनिफितींच्या काळात निवडक गीतांचे संग्रह निघू लागले, पुढे संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर प्रत्येक गीत स्वतंत्र झाले. निवेदन मागे पडले. वास्तविक ते केवळ दोन गीतांमधली जागा भरत नाही, शतकांचे अंतर ओलांडण्यासाठी श्रोत्याला त्याचाच हात धरावा लागतो. भूषणांच्या व्रज छंदातून मराठी कवितेकडे येताना तर ते फारच उपयोगी पडते.

ज्यांच्या माळ्यावर मूळ तबकडी अजून आहे, त्यांनी ती आडवी रचून न ठेवता उभी ठेवावी आणि वाजविण्यापूर्वी यंत्राची सुई नवी आहे ना, हे पाहावे; झिजलेली सुई खाचा कायमच्या बिघडविते. तबकडी नसेल तर गीतांचा क्रम न बदलता, निवेदनासह असलेली आवृत्ती शोधावी. बाबासाहेब पुरंदरे नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि लता मंगेशकर फेब्रुवारी २०२२ मध्ये निवर्तल्या. लताबाई गेल्या तेव्हा वाहिन्यांवर या ध्वनिमुद्रिकेतील गीते पुन्हा वाजली. तीही एकेकटीच.