कॅथीड्रलच्या पायऱ्यांसमोरचे रुग्णालय

इटलीतील सिएना नगरात कॅथीड्रलच्या पायऱ्यांसमोर, चौकाच्या पलीकडे, एक विस्तीर्ण इमारत उभी आहे. सांता मारिया देल्ला स्काला हे तिचे नाव. ‘स्काला’ म्हणजे जिना. १०९० च्या दस्तऐवजात या संस्थेचा उल्लेख सापडतो. रोमच्या यात्रामार्गावर असल्याने येथे यात्रेकरूंची धर्मशाळा, गोरगरिबांचे अन्नछत्र, रुग्णालय व टाकून दिलेल्या बालकांचा आश्रय एकत्रच नांदत होते. दानात मिळालेल्या जमिनींच्या धान्यावर हा प्रपंच चाले.

येथील यात्री-दालनाच्या भिंतींवर १४४० नंतरच्या काही वर्षांत डोमेनिको दी बार्तोलो व इतर चित्रकारांनी संस्थेचे कार्य रंगविले. वैद्य मूत्राची बाटली न्याहाळीत आहेत, मांडीला जखम झालेल्या तरुणाची शुश्रूषा चालली आहे, आणि जवळच कुत्र्या-मांजराची जुंपली आहे! दुसऱ्या चित्रात संस्थेत वाढलेल्या मुलीचा विवाह. तिचा हुंडाही संस्थाच देई. अर्थात, ही संस्थेने स्वतःच करवून घेतलेली आपली प्रतिमा आहे, हे ध्यानी ठेवावे. तरीही विसाव्या शतकापर्यंत याच चित्रांखाली रुग्णांच्या खाटा होत्या.

इमारतीतच सांतिस्सिमा आनुन्त्सियाता हे चर्च आहे. वेदीवर वेक्किएत्ताची पुनरुत्थित ख्रिस्ताची कांस्यमूर्ती, तर मागील भिंतीवर सेबास्तियानो कोंकाने अठराव्या शतकात रंगविलेले बेथेस्दाचे कुंड. बरे होण्याच्या आशेने रुग्ण तेथे ताटकळत आहेत. रुग्णालयातील चर्चला याहून समर्पक विषय कोणता?

१९८५ च्या सप्टेंबरात लेखक इटालो काल्व्हिनो यांनी याच रुग्णालयात देह ठेवला. पुढे रुग्णसेवा अन्यत्र हलली आणि इमारतीचे संग्रहालय झाले.