चावीचे की ऑटोमॅटिक? वऱ्हाडातील मनगटी घड्याळाच्या निवडीचा इतिहास

१/ अमरावती-यवतमाळ मार्गावरील नांदगाव खंडेश्वर ज्या देवाच्या नावाने ओळखले जाते, त्या खंडेश्वराचे हेमाडपंती मंदिर यादवकाळातले. त्या काळी वेळ मोजण्याचे प्रचलित साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. 'घटका भरणे' हा वाक्प्रचार याच वाटीतून भाषेत आला. मात्र बुडालेली वाटी आपणहून वर येत नसे. दर घटकेला ती रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवणारा माणूस लागे.

२/ घड्याळ चालते ठेवण्याचे श्रम कोणाचे, हा प्रश्न पुढे यंत्रयुगातही कायम राहिला. चावीचे घड्याळ आणि ऑटोमॅटिक घड्याळ ही त्याची दोन उत्तरे. नांदगावसारख्या तालुक्याच्या गावांत या दोहोंतील निवड कशी होत असे, हे पाहू लागले की यंत्राबरोबरच शेत, कचेरी आणि लग्नमांडवही समोर येतात.

३/ आधी शब्द पाहू. मनगटी घड्याळाला चावी नसते, तरीही मराठीत घड्याळाला 'चावी' किंवा 'किल्ली' देतात. जुन्या खिशातल्या घड्याळांना खरोखरच सुटी किल्ली असे. ती हरवली की घड्याळ मुके. १८४० च्या दशकात आद्रियां फिलिप यांनी कडेच्या डोक्यानेच स्प्रिंग गुंडाळण्याची रचना सिद्ध केली. किल्ली गेली, क्रियापद मात्र राहिले.

४/ चावीच्या घड्याळाची रचना साधी. डोके फिरवले की मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सावकाश सुटताना चाकांना गती देते आणि बॅलन्स चाक त्या गतीला शिस्त लावते. एकदा पूर्ण चावी दिली की साधारण दीड दिवस पुरते. म्हणून रोज ठरलेल्या वेळी चावी देण्याची सवय घरोघरी पडली.

५/ ऑटोमॅटिकची कल्पनाही जुनीच. १७७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील ल लोकल गावच्या अब्राम-लुई पर्ले यांना तिचे श्रेय सामान्यतः दिले जाते. घड्याळ हलले की आतले वजन हलावे आणि त्यानेच स्प्रिंग गुंडाळली जावी, असा विचार होता. पण घड्याळ तेव्हा खिशात असे आणि खिसा फारसा हलत नाही. ही कल्पना रुजण्यासाठी घड्याळाला मनगटावर यावे लागले.

६/ पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळ सर्वमान्य झाले. इंग्रज घड्याळजी जॉन हारवूड यांनी १९२४ मध्ये ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळवले. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारे अर्धचंद्राकृती वजन, म्हणजेच रोटर, पेटंट केले. आजची बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळे याच तत्त्वावर चालतात.

७/ भारतात या निवडीला व्यापक अर्थ आला तो १९६१ पासून. त्या वर्षी जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरात मनगटी घड्याळे बनवण्यास प्रारंभ केला. पहिली तुकडी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बाहेर पडली. ती चावीची होती. 'जनता' आणि 'पायलट' ही १७ ज्युवेलची घड्याळे पुढे घरोघरी पोहोचली. 'रजत' आणि 'कांचन' ही त्यांची ऑटोमॅटिक भावंडे.

८/ शिक्षक, तलाठी, एसटीचे कर्मचारी अशा पगारदारांना चावीचे घड्याळ परवडे आणि सोयीचेही पडे. ऑटोमॅटिकमध्ये रोटर आणि त्याची जादा चाके असतात. म्हणून ते जाड, जड आणि महाग. उघडून साफ करायचे तर कामही अधिक. चावीचे घड्याळ बसस्टँडजवळच्या टपरीत, डोळ्याला भिंग लावून बसलेला कारागीरही खोलून पुन्हा जुळवू शकत असे.

९/ शेतकऱ्याच्या बाबतीत एक विसंगती दिसते. ऑटोमॅटिकला हलता हात हवा. कपाशीत डवरणी, निंदण, वेचणी करणारा हात दिवसभर हलतो. पण धूळ, घाम आणि धक्के यांत मौल्यवान घड्याळ कोण घालणार? ते ट्रंकेत जपून ठेवायचे आणि बाजाराला किंवा लग्नाला निघताना बाहेर काढायचे. ट्रंकेतले ऑटोमॅटिक दोन दिवसांत थांबते आणि नुसते मनगटावर चढवल्याने लगेच पुरेशी ताकद धरत नाही. चावीच्या घड्याळाला तीस-एक वेढे दिले की ते दिवसभरासाठी सज्ज. सर्वाधिक राबणाऱ्या हातालाच आपोआप चालणारे घड्याळ निरुपयोगी होते.

१०/ मग ऑटोमॅटिक कोण घेई? अनेकदा ते घेतले जात नसे, मागितले जाई. सोनेरी 'कांचन'ची ख्याती नवरदेवाला द्यायचे घड्याळ म्हणून झाली. घड्याळ, सायकल, रेडिओ ही मागणीची यादी गावोगाव ठाऊक होती. स्वतःच्या पगारातून घेताना 'जनता' पुरे होई. सासऱ्याच्या खिशातून येताना 'कांचन'च हवे असे.

११/ योगायोग असा की हुंडा प्रतिबंधक कायदाही १९६१ चाच. १ जुलैपासून तो अंमलात आला. पण त्यात एक वाट मोकळी होती. लग्नप्रसंगी दिलेली रोख रक्कम, दागिने, कपडे वा अन्य वस्तू या लग्नाचा मोबदला म्हणून दिल्या नसतील तर तो हुंडा मानला जाणार नाही, असे स्पष्टीकरण मूळ कायद्यात होते. मनगटावर बांधलेले घड्याळ 'भेट' ठरवणे किती सोपे! १९८४ च्या दुरुस्तीने ते स्पष्टीकरण वगळले. तोवर 'आपोआप' चालणाऱ्या कित्येक घड्याळांमागे एखाद्या बापाने काढलेले कर्ज होते.

१२/ १९८४ हे टायटनच्या स्थापनेचेही वर्ष. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाला ना चावी लागे, ना हलता हात. वेळही ते अधिक अचूक दाखवी. दोन्ही यांत्रिक प्रकार मागे पडले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. घड्याळांसोबत ती खोलून जुळवणारे हातही कमी होत गेले.

१३/ आज पुन्हा तरुण मंडळी 'जनता' आणि 'कांचन' शोधत आहेत. निवडीचा व्यावहारिक नियम जुनाच: रोज घालायचे असेल तर ऑटोमॅटिक, अधूनमधून घालायचे असेल तर चावीचे. पण जुने घड्याळ घरातच सापडले, तर ते कोणत्या प्रकारचे आहे एवढ्यावर थांबू नये. ते कोणी, कोणासाठी आणि कशाचे पैसे करून घेतले होते, हे आजीला विचारावे. आजोबांच्या लक्षात घड्याळ असेल. त्याची किंमत बहुधा आजीच सांगू शकेल.