सतरा डिसेंबरचा मेळावा

निवृत्तांच्या मंडळांत सहली, भजने, वाढदिवस यांची रेलचेल असते. १७ डिसेंबरच्या मेळाव्यामागे मात्र एक न्यायालयीन लढा आहे. १९७९ साली केंद्राने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, परंतु ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वगळून. आम्हां सरकारी माणसांना तारखेचे वेडच भारी! एका दिवसाच्या अंतराने सारख्याच सेवेचे मोल निराळे ठरले. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नकारा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी १७ डिसेंबर १९८२ रोजी तो भेद मोडून काढला. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असे त्यांनी ठरविले. त्या दिवशीच्या चहाफराळाला हे कारण आहे.