वीजदेयकाची परिभाषा आणि घरगुती ग्राहकाचा असंतोष : खुलताबादच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

खुलताबादच्या घराघरांत दरमहा येणाऱ्या एका कागदाला दोन नावे आहेत. घरातील माणसे त्यास 'लाइटबिल' म्हणतात; कागदावर मात्र 'वीज देयक' असे छापलेले असते. पहिला शब्द परका असूनही मराठीने तो पूर्णपणे आत्मसात केला आहे. 'लाइट गेली', 'लाइट आली' ह्या प्रयोगांत 'लाइट' स्त्रीलिंगी झाली, ती उघडच 'वीज' ह्या शब्दाच्या वळणावर. दुसरा शब्द संस्कृत धातूपासून घडलेला असूनही घरात शिरलेला नाही. देयकाच्या मागील व पुढील बाजूस जे इतर शब्द आढळतात, म्हणजे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, निव्वळ थकबाकी, त्यांची गतीही हीच आहे. परिणामी, देयकाविषयी घरात जो संताप व्यक्त होतो तो 'बिल फार आले' ह्या एकाच वाक्यात सामावतो. तक्रार सगळ्या रकमेची असते. रकमेच्या कोणत्याही एका अंगाची नसते. ही अवस्था कशी निर्माण झाली आणि तिचे परिणाम काय, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम परिभाषेच्या वंशाकडे पाहू. 'आकार' हा शब्द ग्रामीण मराठीत रूपवाचक अर्थाइतकाच महसुली अर्थानेही रूढ आहे. सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीच्या क्षेत्राबरोबर जो 'आकार' अथवा 'आकारणी' नोंदलेली असते, ती सरकारने ठरविलेल्या साऱ्याची रक्कम होय. 'वसुली', 'बाकी', 'थकबाकी' हे शब्दही त्याच दप्तरातील आहेत. खुलताबादसारख्या गावाला हे दप्तर चांगले परिचित असले पाहिजे. पूर्वी रौझा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या गावी बुऱ्हाणुद्दीन गरीब व झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत, मलिक अंबरची कबर आहे आणि १७०७ साली मृत्यू पावलेल्या औरंगजेबाची साधी कबरही आहे. दर्ग्यांना मिळालेल्या इनामांमुळे सारा कोणी द्यावा, कोणाला तो माफ असावा, हा प्रश्न येथे शतकानुशतके जिवंत होता. पुढे निजामाच्या राजवटीत जिल्ह्याचा मुख्य अधिकारीदेखील 'अव्वल तालुकदार' म्हणून ओळखला जाई व राज्यकारभार उर्दूत चाले. १९४८ मध्ये ती राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालयही अस्तित्वात आले व शासनव्यवहाराची मराठी परिभाषा पद्धतशीरपणे घडू लागली. राजवट बदलली, लिपी बदलली. पण शासनाने रयतेकडून रक्कम मागण्याची जी शब्दसंपत्ती होती ती बहुतांशी टिकून राहिली.

वीजदेयकात ह्या शब्दसंपत्तीशेजारी एक परस्परविरुद्ध शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे 'ग्राहक'. ग्राहक हा बाजारपेठेतील शब्द होय. जो घेतो, निवडतो, भाव करतो आणि पटले नाही तर दुसऱ्या दुकानी जातो, तो ग्राहक. 'आकार' ह्या शब्दास ह्यांपैकी काहीच लागू नाही. भावाची घासाघीस होते. आकारणी होते ती वरून. घरगुती वीज वापरणारा मनुष्य देयकाच्या मथळ्यात ग्राहक असतो आणि तपशिलात रयत असतो. त्याच्या असंतोषाचे मूळ दरवाढीत आहे हे खरे. परंतु त्या असंतोषाला जी असहायतेची छटा आहे, तिचा उगम ह्या दुहेरी स्थानात शोधावा लागतो.

हे दुहेरी स्थान संस्थांच्या इतिहासातून उत्पन्न झाले. १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमाने राज्यांच्या वीज मंडळांचा पाया घातला आणि जून १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळ हे शासनाचेच अंग असल्यामुळे दर ठरविणे हा शासकीय निर्णय होता. १९५८ च्या कायद्याने विजेच्या वापरावर शुल्कही बसविण्यात आले होते. २०१६ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, शुल्क मात्र राहिले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांना अश्वशक्तीवर आधारलेली ठोक आकारणी लागू झाली. शेतीला सवलत, उद्योगाला चढा दर आणि घराला ह्या दोहोंच्या मधले स्थान, अशी रचना ह्या काळात पक्की झाली. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला व दर ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले. निर्मिती, पारेषण व वितरण ह्यांसाठी निरनिराळ्या कंपन्या झाल्या आणि खुलताबादच्या ग्राहकाचा संबंध महावितरणशी आला. मराठवाड्याच्या बोलण्यात मात्र अजूनही 'एमएसईबी' हाच शब्द ऐकू येतो. लोकांनी ह्या विभाजनाची दखल घेतली नाही, कारण त्यांच्या दारी येणारा वायरमन व देयक वाटणारा मनुष्य तोच राहिला.

दखल घेतली ती देयकाने. तारांचा खर्च व विजेचा खर्च हिशेबात वेगळे झाले, तेव्हा 'वहन आकार' ही स्वतंत्र ओळ अवतरली. कोळशाचे भाव वाढले की त्याचा भार 'इंधन समायोजन आकार' ह्या ओळीतून उतरू लागला. वीज वापरली वा न वापरली तरी द्यावयाच्या 'स्थिर आकारा'स २००३ च्या अधिनियमाच्या ४५ व्या कलमाचा स्पष्ट आधार आहे. मागील साठसत्तर वर्षांतील प्रत्येक धोरणाचा एकेक थर ह्या कागदावर साचलेला दिसतो.

ह्या थरांचा प्रत्यक्ष परिणाम आकड्यांवरून स्पष्ट होईल. २०२४-२५ ह्या वर्षी महावितरणच्या एकफेज घरगुती ग्राहकास पहिल्या १०० युनिटांसाठी दर युनिटास ४ रु. ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांसाठी १० रु. २९ पैसे, वहन आकार सर्व युनिटांवर १ रु. १७ पैसे, स्थिर आकार दरमहा १२८ रुपये आणि ह्या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क लागू होते. इंधन समायोजन आकार बाजूस ठेवला तरी १०० युनिटांचे देयक सुमारे ८३१ रुपये होते. म्हणजे ४ रु. ७१ पैशांचे युनिट प्रत्यक्षात ८ रु. ३१ पैशांना पडते. वापर १५० युनिटांवर गेला की देयक सुमारे १,४९५ रुपये होते. वापर दीडपट, देयक एकूण ऐंशी टक्क्यांनी अधिक. उन्हाळ्यात एक पंखा व एक कूलर वाढल्यावर 'मीटर पळते' अशी जी तक्रार होते, तिच्यामागे पुष्कळदा मीटरचा दोष नसून ही टप्प्यांची रचना असते. पण देयक पाहून हे सहजी कळत नाही. म्हणून संशय यंत्रावर व ते वाचणाऱ्या माणसावर जातो.

ह्या रचनेच्या बाजूनेही काही म्हणता येते. टप्प्यांच्या दरामुळे कमी वापर असलेल्या गरीब घराला तुलनेने स्वस्त वीज मिळते. स्थिर आकाराची कल्पनाही अन्यायमूलक नाही. ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन याने १८९२ सालीच असे प्रतिपादन केले होते की, वीजपुरवठ्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक प्रत्यक्ष वापराचा आणि दुसरा ग्राहक केव्हाही बटण दाबील म्हणून यंत्रणा सज्ज ठेवण्याचा. आणि दर ठरविताना ह्या दोन्हींचा विचार झाला पाहिजे. हा विचार तर्काला धरून आहे. मात्र सज्जतेचे मोल मागणाऱ्याने सज्जता पुरविली पाहिजे, हे त्याचे गृहीतकृत्य होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत, जेव्हा वीजगळती व वसुली ह्यांवरून वाहिन्यांचे गट पाडून भारनियमन केले जाई, तेव्हा मराठवाड्यातील गावे दिवसाचे कित्येक तास अंधारात असत. 'भारनियमन' हा शब्दही लक्षणीय आहे : वीज नसणे ही घटना त्यात नियमन ह्या व्यवस्थावाचक शब्दाआड झाकली गेली आहे.

ज्या अवस्थेत आज घरगुती ग्राहक आहे, त्याच अवस्थेत एके काळी खुद्द विद्युत मंडळ होते, ही गोष्ट येथे नोंदवणे अवश्य आहे. एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी १९९३ च्या डिसेंबरात झालेल्या करारानुसार वीज घेतली वा न घेतली तरी क्षमतेपोटी ठराविक रक्कम देणे मंडळावर बंधनकारक होते. १९९९ मध्ये प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला; २००० साली काही महिन्यांत त्या विजेचा दर युनिटामागे सात रुपयांच्या वर गेला आणि मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी बंद केली. तत्त्वतः हा स्थिर आकारच होता. फरक इतकाच की, मंडळाला करार वाचणारे तज्ज्ञ होते, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी त्याची जाहीर चिकित्सा केली, शासनाने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि शेवटी मंडळाला 'नको' म्हणता आले. घरातील ग्राहकाजवळ ह्यांपैकी कोणतेच साधन नसते.

पुरवठादार बदलल्याने हा प्रश्न सुटतो, ही समजूतही जवळच्याच अनुभवाने कसाला लागली. खुलताबादपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील औरंगाबाद शहराचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) वितरण मे २०११ मध्ये जी. टी. एल. ह्या खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. नागरिकांकडून थकबाकी वसूल करू पाहणाऱ्या ह्या कंपनीकडेच महावितरणची मोठी थकबाकी साचली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणने वितरण पुन्हा आपल्या हाती घेतले. देयकावरील नाव दोनदा बदलले. त्याची भाषा होती तीच राहिली.

ह्या भाषेची खरी किंमत २०२० साली कळून आली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदीमुळे मीटरवाचन थांबले व आयोगाच्या अनुमतीने सरासरी वापरावर देयके देण्यात आली. एप्रिलपासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन होऊन उन्हाळ्याच्या महिन्यांचा फरक एकत्र आला, तेव्हा राज्यभर संतापाची लाट उसळली. कंपनीचे म्हणणे असे की, युनिटे महिन्यांनुसार विभागून टप्प्यांचा लाभ दिला आहे. ते म्हणणे खरे की खोटे हे देयकावरूनच तपासता यावयास हवे होते. बहुसंख्य ग्राहकांना ते तपासता आले नाही. म्हणून वाद हिशेबाचा न राहता विश्वासाचा झाला.

कायद्याने ग्राहकास काही अधिकार दिलेले आहेत. दरनिश्चितीपूर्वी सूचना व हरकती मागविणे आयोगावर बंधनकारक असून आयोगाच्या जाहीर सुनावण्या औरंगाबाद येथेही झालेल्या आहेत. तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल ह्यांची तरतूद २००३ च्या अधिनियमात आहे. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना आवश्यक आहे. तथापि दरप्रस्तावाचा सारांश मराठीत उपलब्ध असला, तरी मूळ प्रस्ताव व आयोगाचे आदेश शेकडो पृष्ठांच्या इंग्रजीत असतात. हरकत घेण्याचा अधिकार आहे. हरकत कशावर घ्यावयाची हे सांगणारी भाषा नाही.

वरील विवेचनावरून असे दिसते की, विजेचे देयक हे केवळ हिशेबपत्र नसून सत्ता व प्रजा यांतील जुन्या संबंधाचे नवे लेखन आहे. दर कमी करणे हा अर्थकारणाचा प्रश्न आहे व तो कठीण आहे. पण प्रत्येक आकार कशासाठी, कोणी व कोणत्या आदेशाने बसविला आणि पुढच्या टप्प्यात किती पडेल, हे चार सरळ मराठी वाक्यांत सांगणे कठीण नाही. 'लाइट' हा शब्द ज्या मराठीने घरात सामावून घेतला, तिला 'वहन आकार' समजावून घेणे अशक्य नव्हते. तो समजावून सांगण्याची गरज कोणास वाटली नाही, इतकेच. ती गरज मान्य होईल त्या दिवशी देयकातील रयत ग्राहक होऊ लागेल.